बर्फाखालचे बेणे : कुटकीची लागवड आणि जोपासना

कडू वनस्पतींची नावे सांगा, असे वर्गात विचारले तर मुले कारले, मेथी, कडुनिंब अशी नावे भराभर सांगतील. एखाद्याच्या घरी वैद्यकीची परंपरा असेल तर तो किराईत आणि गुळवेल यांचीही भर घालील. कुटकीचे नाव मात्र क्वचितच कुणी घेईल. आपल्या गावातल्या काष्ठौषधींच्या दुकानात मात्र ही कुटकी हमखास मिळते. काळपट तपकिरी रंगाचे, पेन्सिलीएवढ्या जाडीचे, सुरकुतलेले छोटे तुकडे. जिभेवर ठेवला तर कडवटपणा बराच वेळ जात नाही. आरोग्यवर्धिनी या प्रसिद्ध औषधाच्या मूळ पाठात कुटकीचे वजन इतर सर्व घटकांच्या एकत्रित वजनाइतके सांगितले आहे. म्हणजे निम्मे औषध कुटकीचेच!

हा तुकडा आपल्याकडच्या रानातला नाही. तो दीड-दोन हजार किलोमीटर दूर, हिमालयात झाडांची हद्द जेथे संपते त्याच्याही वरून आलेला असतो. आणि तो मूळासारखा दिसत असला तरी ते वनस्पतीचे जमिनीखालचे खोड असते. ते काढायचे म्हणजे रोपटे उपटायचे. औषधाची मागणी वाढली तसे हिमालयातील कुरणांवरून कुटकी उपटण्याचे प्रमाणही वाढले. अखेर १९९७ साली संकटग्रस्त जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात कुटकीचा समावेश करावा लागला. या परिशिष्टातील वनस्पतीची निर्यात परवान्याशिवाय करता येत नाही.

पण नुसत्या बंदीने औषधाची गरज संपत नाही, आणि डोंगरावरील गावांची पैशाची गरजही संपत नाही. मग उपाय कोणता? रानातून उपटण्याऐवजी शेतात लावणे. हे बोलायला सोपे आहे. प्रत्यक्षात मात्र हे झाड वाढवायचे तर ते जेथे राहते तेथील हवा, माती आणि बर्फ यांचे विज्ञान नीट समजून घ्यावे लागते. या लेखात आपण तेच पाहणार आहोत.

ओळख

कुटकीचे शास्त्रीय नाव ‘पिक्रोऱ्हायझा कुर्रोआ’. ‘पिक्रोस’ म्हणजे कडू आणि ‘ऱ्हायझा’ म्हणजे मूळ, असे हे ग्रीक शब्द आहेत. संस्कृतात तिला कटुका, तिक्ता, कटुरोहिणी अशी नावे आहेत. येथे भाषेची एक गंमत मुलांना जरूर सांगावी. आयुर्वेदात ‘कटु’ म्हणजे तिखट आणि ‘तिक्त’ म्हणजे कडू. मराठीत येताना या शब्दांची अदलाबदल झाली! कुटकीचा रस आयुर्वेदाने ‘तिक्त’ सांगितला आहे, म्हणजे आपल्या भाषेत कडूच.

ही बहुवर्षायू वनस्पती काश्मीरपासून उत्तराखंडापर्यंतच्या पश्चिम हिमालयात, साधारणपणे ३००० ते ४५०० मीटर उंचीवर आढळते. नेपाळ व पूर्व हिमालयात हिची एक जवळची बहीण वाढते. बाजारात दोन्हींना कुटकीच म्हणतात. रोपटे अगदी बुटके असते. करवती कडेची, टोकाकडे रुंद होत जाणारी पाने जमिनीलगत गुच्छासारखी पसरलेली असतात. त्यांची लांबी वीतभरही नसते. जून ते ऑगस्टच्या सुमारास मधून एक दांडा वर येतो आणि त्यावर फिकट निळसर-जांभळ्या फुलांचा दाट तुरा लागतो. फुलांतून बाहेर डोकावणारे लांब पुंकेसर ही त्याची सहज पटणारी खूण. जमिनीखाली, कधी जमिनीलगत, आडवे खोड सरपटत जाते. त्याला पेरे असतात, पेरांवर डोळे असतात आणि पेरांपासून मुळे फुटतात. आपल्या आल्या-हळदीचे आडवे खोड डोळ्यांसमोर आणले म्हणजे कल्पना येईल, फक्त हे बारीक आणि दोरीसारखे असते.

बुटके का?

समुद्रसपाटीपासून जसजसे वर जावे तसतसे हवेचे तापमान दर १००० मीटरला सरासरी साडेसहा अंश सेल्सिअसने उतरते. पायथ्याशी २७ अंश असतील तर ३५०० मीटरवर ढोबळ हिशेबाने चारच अंश उरतील. या उंचीवर हवेचा दाबही समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश असतो. हवा विरळ आणि स्वच्छ असल्याने दिवसा ऊन प्रखर लागते, आणि सूर्य मावळताच जमिनीची उष्णता झपाट्याने आकाशात निघून जाते. शिवाय वारा अखंड वाहत असतो.

अशा ठिकाणी उंच वाढणे परवडत नाही. वारा जमिनीला घासून वाहतो तेव्हा घर्षणामुळे जमिनीलगतचा थर मंदावतो. जमिनीपासून पाच सेंटिमीटरवर वारा जवळजवळ पडलेला असतो, तर पुरुषभर उंचीवर तोच वारा टोपी उडवून नेतो. वारा कमी म्हणजे पानांतून उडून जाणारे पाणी कमी आणि उष्णतेची गळतीही कमी. दुसरे असे, की उन्हाने आधी तापते ती जमीन, हवा नंतर. म्हणून भर दुपारी जमिनीला टेकलेले पान सभोवतालच्या हवेपेक्षा कितीतरी अंशांनी उबदार असू शकते. एकूण काय, तर बुटके रोपटे ज्या हवामानात जगते ते हवामान शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्याभोवतीचे नसतेच. वीतभर उंचीत दोन निराळे प्रदेश असतात.

बर्फ : शत्रू की पांघरूण?

हिवाळ्यात ही कुरणे चार-पाच महिने बर्फाखाली असतात. तेव्हा कुटकीची पाने वाळून जातात, खोड मात्र जिवंत राहते. बर्फाखाली गाडलेले खोड गोठून मरत कसे नाही, हा प्रश्न मुले हटकून विचारतात.

उत्तर बर्फाच्या रचनेत आहे. ताज्या भुसभुशीत बर्फाचा दहा सेंटिमीटर जाडीचा थर वितळवला तर जेमतेम सेंटिमीटरभर पाणी मिळते. बाकी सारी हवा! ही अडकलेली हवा उष्णतेची मंदवाहक आहे. आपल्या गोधडीत कापसामधील हवा जे काम करते तेच येथे. बाहेर शून्याखाली पंधरा-वीस अंश असले तरी पुरेशा जाड बर्फाखाली जमिनीचे तापमान शून्याच्या आसपासच राहते.

यावरून लागवड करणाऱ्याने एक महत्त्वाचा धडा घ्यावा. कमी उंचीवर आणलेल्या रोपांना हे पांघरूण मिळत नाही. तेथे थंडी तुलनेने कमी असली तरी रोप उघडे पडते. दिवसा ओली माती, रात्री गोठलेली, पुन्हा दिवसा ओली, असे फेरे चालतात. गोठताना पाणी फुगते आणि मातीला वर उचलते. लहान रोपांची मुळे त्यामुळे उघडी पडतात. त्यातच माती पाणी धरून ठेवणारी असेल तर विश्रांती घेत असलेले खोड कुजू लागते. जगभर जे लोक बागेत उंच पर्वतांवरील वनस्पती वाढवतात त्यांचा अनुभव असाच आहे : कोरड्या थंडीने ही झाडे सहसा मरत नाहीत, हिवाळ्यातील साचलेल्या ओलीने मरतात.

बचत करणारे झाड

बर्फ वितळल्यापासून पुन्हा पडेपर्यंत कुटकीला वाढीसाठी चार-पाच महिनेच मिळतात. एवढ्या काळात बी रुजून, वाढून, फुलून, पुन्हा बी धरणे हे वर्षायू वनस्पतीला फार जोखमीचे. एखाद्या वर्षी बर्फ लवकर आला तर वंशच बुडाला! म्हणून या उंचीवर बहुवर्षायू वनस्पतींचेच राज्य असते. उन्हाळ्यात पानांनी केलेल्या कमाईचा मोठा भाग त्या जमिनीखालच्या खोडात साठवतात आणि पुढच्या वसंतात त्या शिलकीवर झटपट नवी पाने काढतात.

आम्ही याला झाडाचे बचत खाते म्हणू. प्रकाशसंश्लेषण ही जमा आणि श्वसन हा खर्च. जमा दिवसाच होते, खर्च रात्रंदिवस चालतो. तापमान दहा अंशांनी वाढले की श्वसनाचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. डोंगरावरील थंड रात्री हा खर्च अगदी कमी ठेवतात, म्हणून शिल्लक पडते. हेच रोपटे पुण्यात किंवा नागपुरात आणून लावले तर? पाणी, खत, सावली सारे दिले तरी उबदार रात्री त्याची शिल्लक खाऊन टाकतील. जे उरेल ते आपल्याकडच्या पावसातील बुरशी संपवील. म्हणूनच कुटकी आपल्या परसात लावण्याचा मोह टाळावा.

थंडीचा आणखी एक संबंध आहे. कुटकीचे औषधी गुण प्रामुख्याने ‘पिक्रोसाइड’ नावाच्या कडू द्रव्यांमुळे आहेत. यकृताचे रक्षण करण्याच्या दृष्टीने त्यांचा बराच अभ्यास झाला आहे. लखनौच्या केंद्रीय औषधी अनुसंधान संस्थेने कुटकीपासून ‘पिक्रोलिव्ह’ नावाचा अर्क तयार करून त्यावर प्रयोग केले. ही द्रव्ये रोपात किती तयार होतात हे प्रकाश आणि तापमान यांवर अवलंबून असते, आणि २५ अंशांपेक्षा १५ अंशांना ती अधिक साठतात, असे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. म्हणजे उष्ण जागी रोप कसेबसे जगवले तरी औषध म्हणून ते उणेच पडण्याचा संभव. (औषध म्हटल्यावर एक सूचना : कुटकी रेचकही आहे. वैद्यांच्या सल्ल्याशिवाय ती घेऊ नये, आणि मुलांना चाखायला तर मुळीच देऊ नये.)

लागवड कशी करतात?

उत्तराखंडात श्रीनगर (गढवाल) येथे विद्यापीठाचे उंच पर्वतांवरील वनस्पतींच्या शरीरक्रियांचा अभ्यास करणारे केंद्र आहे. तेथील शास्त्रज्ञांनी रानातली कुटकी शेतात आणण्यासाठी दीर्घकाळ काम केले. चमोली जिल्ह्यातील घेससारख्या गावांत शेतकऱ्यांनी तिची शेती करून दाखवली आहे. तिची पद्धत थोडक्यात अशी.

जागा : साधारण २००० मीटरच्या वरची, थंड, शक्यतो उत्तरेकडे उतरणारी. उत्तर उतारावर ऊन तिरपे पडते, त्यामुळे ओल टिकते आणि उन्हाळ्यात माती तापत नाही. उताराचा दुसरा फायदा म्हणजे पाणी साचत नाही.

माती : भुसभुशीत, वाळूमिश्रित आणि भरपूर कुजलेला पालापाचोळा असलेली. हे वरवर परस्परविरोधी वाटते. वाळू पाणी सोडते, पालापाचोळा पाणी धरतो. पण रोपाला हवे आहे ते हेच. मातीच्या कणांभोवती ओल असावी आणि कणांमधल्या पोकळीत हवा असावी. चिकण मातीत त्या पोकळीत पाणी भरून राहते आणि मुळांचा श्वास कोंडतो. म्हणून गादीवाफे करून त्यात चांगले कुजलेले शेणखत किंवा जंगलातील पानखत मिसळतात.

बेणे : कुटकीची लागवड दोन प्रकारे होते. बी अतिशय बारीक असते. ते बारीक वाळूत मिसळून पेटीत पेरतात आणि वर मातीचा अगदी पातळ थर देतात. बी खोल गेले तर वर येईपर्यंत अंकुराची शिदोरी संपते. प्लॅस्टिकच्या पारदर्शक घरात उब मिळाल्याने उगवण चांगली होते. पण बियांपासूनची रोपे फार सावकाश वाढतात. त्यामुळे शेतकरी आडव्या खोडाचे तुकडेच पसंत करतात. बोटभर लांबीचा, दोन-तीन पेरे असलेला तुकडा पुरतो. प्रत्येक तुकड्यावर निदान एक ठसठशीत डोळा हवा. उसाचे बेणे निवडताना आपण पाहतो तसाच. टोकाकडचे तुकडे लवकर जोर धरतात.

लावणी : तुकडे आधी रोपवाटिकेत लावून मुळे फुटल्यावर शेतात नेतात. वसंतात बर्फ गेल्यावर किंवा पावसाच्या सुरुवातीस लावणी करतात. दोन रोपांत सुमारे ३० सेंटिमीटर अंतर ठेवले तर एका रोपाला ०·०९ चौरस मीटर जागा मिळते. गढवालात जमीन ‘नाली’ या मापात मोजतात; एक नाली म्हणजे सुमारे २०० चौरस मीटर. तर एका नालीत किती रोपे बसतील? सुमारे २२००. हे गणित मुलांकडून जरूर करून घ्यावे.

निगा : पहिल्या वर्षी सर्वांत मोठे काम खुरपणीचे. बुटके रोप तणाशी उंचीच्या शर्यतीत हरते. रानात ती शर्यत वारा आणि थंडी रोखून धरतात, शेतात ते काम आपल्या हातांना करावे लागते. मुळे उथळ असतात, म्हणून खुरपे हलक्या हाताने चालवावे. पाऊस नसेल तेव्हा थोडे थोडे पाणी द्यावे, पण वाफ्यात तळे होऊ देऊ नये. कमी उंचीच्या शेतात उन्हाळी दुपारी पाने कोमेजत असतील तर हलकी सावली करावी. हिवाळ्यापूर्वी पालापाचोळ्याचे सैलसर आच्छादन घालावे. बर्फाची गोधडी नसली तर ही पानांची गोधडी!

काढणी : तुकड्यांपासून लावलेले पीक साधारण तीन वर्षांनी तयार होते. काढणी शरद ऋतूत, पाने पिवळी पडू लागल्यावर करतात. का, हे आपल्या बचत खात्यावरून सहज कळेल. त्या वेळी पानांतील अन्न खोडात उतरलेले असते, खाते पूर्ण भरलेले असते. वसंतात काढले तर तेच खाते नव्या पानांसाठी रिकामे होत असते. काढणीच्या वेळी खोडाची टोके, म्हणजे कोवळे डोळे असलेला भाग, पुन्हा लावणीसाठी राखून ठेवतात आणि जून भाग धुऊन, सावलीत हवेशीर जागी वाळवून विक्रीला पाठवतात. रानातून उपटणारा आणि शेतात पिकवणारा यांतला खरा फरक येथे आहे. एकाच्या हाती झाड संपते, दुसऱ्याच्या हाती ते पुन्हा जमिनीत जाते.

तीन वर्षे खायचे काय?

विज्ञानाचा प्रश्न सुटला तरी शेतकऱ्याचा सुटत नाही. तीन वर्षे जमीन अडकवून ठेवणे लहान शेतकऱ्याला कसे परवडणार? त्यासाठी एक साधी युक्ती आहे. सारी जमीन एकदम न लावता तिचे तीन भाग करायचे आणि दर वर्षी एका भागात लागण करायची. उरलेल्या भागांत बटाटा, राजमा चालू ठेवायचा. पहिल्या भागाची काढणी तीन वर्षांनी होते, दुसऱ्याची चौथ्या, तिसऱ्याची पाचव्या वर्षाअखेर. काढलेल्या भागात लगेच टोकांची पुन्हा लागण केली, की पुढे दर वर्षी एका भागाचे पीक हाती येत राहते.

आणखी एक अडचण कागदाची असते. रानातली आणि शेतातली कुटकी वाळल्यावर सारखीच दिसते. म्हणून आपला माल लागवडीचा आहे, हे शेतकऱ्याला कागदोपत्री सिद्ध करावे लागते. हा व्यवहार जेवढा सोपा आणि चोख होईल तेवढा लागवडीला जोर येईल आणि रानावरचा ताण हलका होईल.

आणि हा ताण हलका होणे गरजेचे आहे, कारण वरून दुसरा ताण येत आहे. पृथ्वीचे तापमान वाढत आहे. हजार मीटरला साडेसहा अंश हा हिशेब उलटा करून पाहा. एक अंश तापमान वाढले तर पूर्वीचा गारवा मिळवण्यासाठी वनस्पतीला सुमारे दीडशे मीटर वर सरकावे लागेल. डोंगर वर निमुळता होत जातो, म्हणजे प्रत्येक पायरीला जागा कमी होते. आणि शिखराच्या वर जागाच नाही.

वर्गात करून पाहा

कुटकी आपल्याकडे वाढत नसली तरी तिचे विज्ञान आपल्या शाळेत शिकता येते.

१. बर्फाची गोधडी : दोन सारख्या बाटल्यांत ५० अंश तापमानाचे सारखे पाणी भरा. एकीभोवती कापसाचा जाड थर गुंडाळा. दर पाच मिनिटांनी तापमान नोंदवून आलेख काढा. नंतर कापूस दाबून घट्ट करा आणि प्रयोग पुन्हा करा. काय फरक पडला? का?

२. जमिनीलगतचा वारा : एका काठीला जमिनीपासून ५, ५० आणि १५० सेंटिमीटरवर पातळ कागदाच्या पट्ट्या चिकटवा. वाऱ्याच्या दिवशी काठी मोकळ्या मैदानात रोवा. कोणती पट्टी जास्त फडफडते? तेथेच सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी जमिनीलगत व १५० सेंटिमीटरवर सावलीतले तापमानही नोंदवा.

३. पाण्याचा निचरा : तळाला भोके पाडलेल्या दोन डब्यांत सारख्याच मापाची काळी माती आणि वाळू-पानखत-माती यांचे मिश्रण भरा. दोन्हींत अर्धा-अर्धा लिटर पाणी ओता. किती वेळात किती पाणी खाली येते ते मोजा.

४. डोळ्याचे महत्त्व : जूनमध्ये शाळा उघडल्यावर आल्याचे काही डोळे असलेले आणि काही डोळे कापून टाकलेले तुकडे कुंडीत लावा. कोणते उगवतात?

याखेरीज जमल्यास पावसाळ्यात सह्याद्रीच्या एखाद्या सड्यावर सहल न्यावी. कास पठारासारख्या कातळावरही रोपे बुटकीच असतात, वाऱ्याला तोंड देतात आणि चार महिन्यांत सारा कारभार उरकतात. कंदीलपुष्पांसारख्या कित्येक जाती उरलेले महिने जमिनीखालच्या कंदात काढतात. तेथे बर्फ नाही. तेथला वैरी उन्हाळ्यातील कोरडेपणा आहे. पण तोडगा तोच : चांगल्या दिवसांत जमवा, वाईट दिवसांत जमिनीखाली थांबा. हिमालयातील कुटकी आणि सड्यावरील कंदील यांत साम्य कोणते आणि फरक कोणता, याची यादी मुलांना स्वतः करू द्यावी. मात्र कंद उकरून पाहण्याची परवानगी कुणालाही देऊ नये. तो का उकरायचा नाही, हे एव्हाना त्यांनीच आपल्याला सांगितले पाहिजे.